‘इसलँड’ वाचणाऱ्या मुलीविषयी

पत्र (संक्षिप्त) : मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या, अंशतः अनुदानित माध्यमिक शाळेत सहा वर्षांपासून नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. नववीच्या वर्गात ६२ मुले आहेत. बहुतेकांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर आहेत, आणि निम्म्याहून अधिक घरांत तेलुगू बोलली जाते. मी धडा वाचतो, ओळीओळीचा अर्थ मराठीतून सांगतो, उत्तरे फळ्यावर लिहितो आणि मुले ती उतरवून घेतात. वर्गात कोणीही इंग्रजीत एक वाक्यसुद्धा बोलत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी एका मुलीला उभे करून वाचायला सांगितले. तिने ‘आयलंड’ हा शब्द ‘इसलँड’ असा वाचला, वर्ग हसला, मलाही हसू आले. तेव्हापासून ती माझ्या तासाला मान वर करत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि मी मात्र गाईडमधली उत्तरे वाटणारा माणूस झालो आहे. विजापूर रस्त्यावरील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून बोलावणे आले आहे. जावे का?

उत्तर :

सर, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र तीन पानांचे आहे. त्यातील बराचसा भाग शाळा, अनुदानाचे टप्पे, अशैक्षणिक कामे आणि नव्या शाळेचा प्रस्ताव यांविषयी आहे, आणि ‘मलाही हसू आले’ हे तीन शब्द तुम्ही एका वाक्याच्या टोकाला ठेवून दिले आहेत. मी पत्र तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा तिथेच थांबले. नोकरीच्या प्रश्नाकडे मी नंतर येईन, कारण माझ्या मते तुम्ही पत्र लिहायला बसलात ते त्या मुलीमुळे. ती सुखरूप असती तर बाकीच्या अडचणी तुम्ही मागील सहा वर्षे सोसल्या तशा आणखीही काही वर्षे सोसल्या असत्या.

मी याच शहरात ३१ वर्षे इंग्रजी शिकवले, त्यामुळे त्या हसण्याची मला चांगली ओळख आहे. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी मी आठवीच्या एका मुलाचा ‘माय मदर’ हा निबंध वर्गात वाचून दाखवला होता. मुलांना चुका कळाव्यात एवढाच माझा हेतू होता, निदान तेव्हा मी स्वतःला तसे सांगितले. त्यात एक वाक्य होते, ‘माय मदर हँड इज स्मेलिंग टोबॅको.’ मी ‘मदर’नंतर काय राहिले आहे, असे वर्गाला विचारले आणि वर्ग मोठ्याने हसला. मुले व्याकरणाला हसत नव्हती, तंबाखूला हसत होती, आणि त्यांतील अनेकांच्या आयाही विड्याच वळत होत्या. मी फळ्यावर वाक्य दुरुस्त करून लिहिले आणि पुढे गेले. सहामाही परीक्षेत त्याच मुलाने गाईडमधला ‘माय मदर’ जसाच्या तसा उतरवला. त्या निबंधातली आई पहाटे उठून पूजा करत होती आणि संध्याकाळी मुलांना गोष्टी सांगत होती. एकही चूक नव्हती. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. इंग्रजीत त्याने स्वतःच्या मनातले एकच वाक्य लिहिले होते आणि ते लिहिल्याची किंमत त्याला मोजावी लागली, हे माझ्या लक्षात येईपर्यंत तो शाळा सोडून गेला होता. तुमची मुलगी अजून तुमच्या वर्गात बसते आहे, म्हणून मी हे उत्तर थोडे सविस्तर लिहिते आहे.

आधी ती काय चुकली ते पाहू. तिच्या समोर आय, एस, एल, ए, एन, डी ही अक्षरे होती आणि तिने त्यांपैकी प्रत्येकाला आवाज दिला. देवनागरी वाचायला शिकलेले मूल दुसरे काय करील? आपल्या लिपीने तिला लहानपणापासून हेच शिकवले आहे की लिहिलेले अक्षर वाचायचे असते. आता त्या शब्दाचा इतिहास पाहा. जुन्या इंग्रजीत बेटाला जो शब्द होता त्यात ‘एस’ नव्हता, पुढे तो ‘आय-एल-ए-एन-डी’ अशा धर्तीने लिहिला जात असे, तेव्हाही नव्हता. फ्रेंचमधून आलेला ‘आइल’ हा बेट याच अर्थाचा वेगळा शब्द आहे आणि त्याचे मूळ लॅटिनमधील ‘इन्सुला’ आहे. सोळाव्या शतकात सुशिक्षित लोकांनी या दोन्ही शब्दांचे नाते एकच आहे असे समजून ‘आयलंड’मध्येही तो ‘एस’ घातला. म्हणजे त्या शब्दात ‘एस’चा उच्चार कोणीच कधी केला नव्हता, आणि तो तिथे एका गैरसमजातून येऊन बसला आहे. चूक झाली ती विद्वानांच्या हातून, आणि चारशे-साडेचारशे वर्षांनी त्या चुकीपायी सोलापुरातील नववीच्या मुलीला मान खाली घालावी लागली.

सर, ही हकीकत तुम्ही वर्गाला सांगा. मात्र त्याआधी त्या मुलीला मधल्या सुट्टीत, दुसरे कोणी ऐकत नसताना, दोन वाक्ये सांगा: ‘त्या दिवशी मी हसलो, ते चुकले. त्या शब्दाविषयी उद्या मी वर्गाला सांगणार आहे, तुझे नाव घेणार नाही.’ एवढेच पुरे. तिला समजावत बसू नका, धीट हो असे सांगू नका आणि पुन्हा वाचशील ना, असे वचनही मागू नका, कारण त्या वयाच्या मुलीला शिक्षकांनी मागितलेले वचन नाकारता येत नाही आणि मग ती ते ओझ्यासारखे वागवते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर तो शब्द लिहा, ‘एस’खाली रेघ ओढा, आणि वर्गासमोर म्हणा की आपण सारे, मी धरून, या अक्षराला हसलो, आता ते इथे आले कसे ते ऐका. शिक्षकाने वर्गासमोर ‘मी चुकलो’ म्हणण्याने दरारा कमी होतो, अशी भीती मलाही होती. माझ्या अनुभवात तसे झाले नाही. त्या दिवसानंतर पहिल्यांदा मागच्या बाकावरून प्रश्न येऊ लागतात.

मग त्याच तासाला पुढे जा. ‘डेट’ म्हणजे कर्ज, या शब्दातला ‘बी’ही असाच लॅटिनच्या ओढीने आत आला. ‘नाइफ’ आणि ‘नो’ (म्हणजे जाणणे) यांच्या आरंभीचा ‘के’ मात्र वेगळ्या जातीचा आहे, तो एके काळी इंग्रज माणसे खरोखर उच्चारत असत. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, पुढे छापील शब्दांची लेखने हळूहळू पक्की होत गेली, आणि बोलणे मात्र बदलत राहिले, म्हणून लिहिणे व बोलणे यांत इतके अंतर पडले. मुलांना हे परके वाटू नये म्हणून फळ्यावर मराठीतील ‘चार’ आणि ‘चारा’ हे दोन शब्द लिहा आणि मोठ्याने वाचायला सांगा. दोन्हींत ‘च’ एकच आहे, तरी उच्चार दोन आहेत. ‘जग’ आणि ‘जागा’ यांतही तसेच आहे. लिपी हे वेगळेपण दाखवत नाही, आणि तरी ज्यांच्या घरी मराठी आहे ती मुले चुकत नाहीत, कारण त्यांनी हे शब्द डोळ्यांनी वाचण्याआधी कानांनी ऐकले होते. ज्यांच्या घरी तेलुगू आहे त्यांना मात्र कोणत्या मराठी शब्दात कोणता उच्चार, हे घराबाहेर शिकावे लागले, आणि ते शिकले. आपल्या वर्गातील इंग्रजीत हेच उणे आहे. मूल शब्द ऐकण्याआधी वाचते, आणि मग वाचताना चुकले म्हणून हसले जाते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे तुमची नववीतली मुलगी हा विषय नवव्या वर्षी शिकते आहे. या नऊ वर्षांत तिने स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या मनातले, किती इंग्रजी उच्चारले असेल याचा विचार करा. तुमची तासिका ३५ मिनिटांची असेल तर हजेरी आणि फळा पुसणे वजा जाता अर्धा तास उरतो. ६२ मुलांना तो सारखा वाटला तरी प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिटही येत नाही, आणि तुम्ही स्वतः एक शब्दही न बोलता. तेव्हा ‘कोणी बोलत नाही’ ही तक्रार करण्याआधी बोलायला जागा कोठे आहे, हे पाहायला हवे.

ती जागा करण्याचा मला सापडलेला सर्वांत सोपा मार्ग जोडीने वाचन हा आहे. बाकावर शेजारी बसलेल्या दोघांनी एक परिच्छेद एकमेकांना वाचून दाखवायचा, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब द्यायचे आणि थांबायचे नाही. एका वेळी ३१ मुले वाचतात, प्रत्येकाचे ऐकायला एकच माणूस असतो, आणि तो माणूसही तितकाच चाचपडत असतो. पाच मिनिटे असे झाले की टिंबे पडलेले शब्द तुम्ही फळ्यावर घ्या, स्वतः स्पष्ट उच्चारा, वर्गाकडून एकत्र म्हणवून घ्या. त्यानंतरच, ज्याची इच्छा असेल त्याने उभे राहून वाचावे. गलका होईल. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा की या तासाला आवाज येईल, म्हणजे खिडकीतून डोकावून शांत करण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही. जोड्या कोणी कोणाशी करायच्या हे पहिले काही दिवस मुलांवर सोडा. हुशार मुलाशेजारी कच्चे मूल बसवण्याचा मोह आपल्या सर्वांना होतो. मी तो अनेकदा केला, आणि कच्चे मूल अशा जोडीत अधिकच गप्प होते असे पाहिले.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातील बोलणे नोंदवून पाहिले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात, असे त्यांना आढळले. तोच अवधी तीन सेकंदांच्या पुढे नेला की मुलांची उत्तरे लांब होत गेली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. ती मुले तर स्वतःच्या भाषेत उत्तर देत होती. तुमच्या मुलीला प्रश्न इंग्रजीतून मराठीत, कदाचित मराठीतून तेलुगूत न्यायचा, उत्तर शोधायचे आणि तेवढाच प्रवास उलट करायचा असतो. तीन सेकंद तिला अपुरेच पडतील. मनातल्या मनात दहापर्यंत मोजत उभे राहा. पहिल्या आठवड्यात ती शांतता असह्य वाटते आणि हात आपोआप खडूकडे जातो. जाऊ देऊ नका.

आता तुम्ही पत्रात ज्याचा उल्लेख अडचण म्हणून केला आहे त्या तेलुगूविषयी, कारण माझे तुमच्याशी सर्वांत मोठे मतभेद इथे आहेत. तुम्ही लिहिता की ‘मराठीच धड नाही, इंग्रजी कसे येणार’. सर, सोलापूरच्या पूर्व भागातील मूल घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठीत शिकते, बोळात दखनी उर्दूत भांडते आणि अक्कलकोटकडून आलेल्या मित्राचे कानडी समजून घेते. विणकामासाठी तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे या शहरात आली, त्यांना आता पिढ्या लोटल्या, आणि त्यांच्या मुलांनी कोणत्याही वर्गात न बसता दोन-तीन भाषा शिकून घेतल्या. ज्याला तीन भाषा येतात त्याला चौथी शिकवताना आपण त्याला भाषाच येत नाही असे गृहीत धरतो, हे मला फार अन्यायाचे वाटते.

एक तास पूर्ण याला द्या. फळ्याच्या डावीकडे मुलांकडून चार वाक्ये लिहून घ्या: ‘मला भूक लागली’, ‘नाकु आकलैतुंदि’, ‘ननगे हसिवागिदे’, ‘मेरेकू भूक लगी’. घराघरांत उच्चार थोडे बदलतील, ते मुलांना ठरवू द्या, आणि तेलुगू व कानडी वाक्ये ज्यांची आहेत त्यांनाच फळ्यापाशी बोलवा. मग विचारा, या चारही वाक्यांत मी कोठे आहे? चारही ठिकाणी ‘मला’ आहे. भूक येते, लागते, होते, आणि ती मला होते. मी काहीच करत नाही. आता उजवीकडे लिहा, ‘आय ॲम हंग्री’. इथे ‘मला’ नाहीसा झाला आणि ‘मी’ पुढे येऊन उभा राहिला. थंडी, ताप, आठवण, आवड या सगळ्यांचे आपल्याकडे असेच आहे, ते माणसाला होतात किंवा येतात, आणि इंग्रजीत बहुधा माणूसच कर्ता होऊन बोलतो. ‘टू मी फिव्हर केम’ असे लिहिणारे मूल आळशी नसते, त्याने आपल्या भाषांचा नियम प्रामाणिकपणे पाळलेला असतो. क्रियापदाचेही तसेच. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू या चारही भाषा क्रियापद शेवटी ठेवतात. मराठी आणि तेलुगू ही वेगवेगळ्या कुळांतली भावंडे या बाबतीत एकमताची आहेत, आणि इंग्रजी एकटीच क्रियापद मध्ये आणून ठेवते. तेलुगूतील शब्द बहुतांशी स्वरात संपतात म्हणून ‘बस’चे ‘बस्सु’ होते, हेही त्याच दिवशी सांगून टाका, म्हणजे त्या ‘उ’ला हसण्याचे कारण उरणार नाही. मी हा तास पहिल्यांदा घेतला तेव्हा एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा कानडी वाक्य सांगण्यासाठी तीन वेळा फळ्यापाशी आला होता.

याला जोडूनच एक घरचा अभ्यास द्या. घरात आणि कारखान्यात बोलले जाणारे दहा इंग्रजी शब्द आईवडिलांना विचारून आणायचे. लूम, बीम, शटल, बॉबिन, शिफ्ट, पॅकिंग, लेबल, टॉवेल असे शब्द येतील आणि कोणी तरी ‘जॅकार्ड’ आणीलच. तो शब्द फ्रान्समधील लियाँ शहराच्या जोसेफ मारी जॅकार्ड या विणकराच्या आडनावावरून आला आहे. त्याने १८०४ मध्ये, छिद्रे पाडलेल्या कार्डांनी नक्षी ठरवणारी मागाची जोडणी तयार केली, आणि पुढे संगणकाला सूचना देण्यासाठीही तशीच छिद्रांची कार्डे वापरली गेली. सोलापुरी चादरीवरचा मोर ज्या कार्डांनी उमटतो त्यांच्याविषयी चार सोपी इंग्रजी वाक्ये तुम्ही तयार करा आणि वर्गात वाचा. ज्याचे वडील जॅकार्डवर आहेत तो मुलगा त्या दिवशी तुमच्यापेक्षा अधिक जाणता असेल, आणि त्याला विचारायचे प्रश्न इंग्रजीत असतील. उत्तर त्याने अर्धे मराठीत दिले तरी चालेल.

तुम्ही विचाराल, अभ्यासक्रम कधी पुरा करायचा? यावर मला इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांच्या कामाची आठवण होते. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंगळुरू आणि दक्षिणेतील इतर काही ठिकाणी, आपल्यासारख्याच साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे क्रमाने शिकवण्याऐवजी त्यांनी मुलांपुढे नकाशे, वेळापत्रके, हिशेब अशी कामे ठेवली. शिक्षक आधी एक काम वर्गासोबत बोलत बोलत सोडवीत, मग तशाच प्रकारचे दुसरे काम मुले एकेकटी करीत. मन कामात गुंतले की भाषा सोबत येते, हा त्यामागचा विश्वास होता. तुमच्या हाताशी सोलापूर स्थानकाचे वेळापत्रक आहे. सकाळी पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस, रात्री मुंबईला निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस आणि २०२३ पासून धावणारी वंदे भारत, या तीन गाड्यांच्या वेळा फळ्यावर लिहा आणि विचारा: आत्याला दुपारी बाराच्या आत पुण्यात पोहोचायचे आहे, तिने कोणती गाडी धरावी? उत्तर इंग्रजीत एका शब्दाचे असले तरी ते मुलाचे असते. नंतर हळूहळू ‘बिकॉज’ मागा. १२ जानेवारी जवळ येतो आहे. १९३० च्या मार्शल लॉनंतर सोलापूरच्या ज्या चौघांना १९३१ मध्ये त्या दिवशी येरवड्यात फाशी दिले गेले, त्यांच्यावरून हुतात्मा एक्स्प्रेसचे नाव पडले, हे परगावच्या माणसाला तीन इंग्रजी वाक्यांत कसे सांगाल, हेही एक कामच आहे. त्याच प्रभूंनी पुढे असेही मांडले की सर्वांना लागू पडेल अशी एकच उत्तम पद्धत नसते, शिकवणाऱ्याला आपण करतो आहोत ते मनापासून पटलेले असावे लागते. म्हणून मी सांगितलेले सगळेच करू नका. ज्यावर तुमचा विश्वास बसेल तेवढे घ्या.

गाईडविषयी मी तुम्हाला दोष देणार नाही. बोर्डाची परीक्षा खरी आहे, आणि दहावीच्या इंग्रजीत नापास होण्याने मुलींची लग्ने लवकर ठरतात हे आपण दोघांनीही पाहिले आहे. परंतु ८० गुणांची ती प्रश्नपत्रिका तुम्ही पुन्हा नीट पाहा. पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा, पत्रलेखन, इंग्रजी वाक्यांचा मातृभाषेत अनुवाद, यांचे गुण पाठांतराने मिळत नाहीत, आणि उरलेले २० गुण तर शाळेच्याच हातात असतात. त्यांपैकी तोंडी परीक्षेचे गुण आपण बहुधा मुलाचा आवाज न ऐकताच भरून टाकतो. मी आठवड्यातील चार तास धड्यांना आणि उत्तरांना देत असे आणि उरलेले तास वर सांगितलेल्या कामांना. जी मुले पासच होणार नाहीत असे वाटे, त्यांना न पाहिलेल्या उताऱ्यात गुण मिळू लागले. वह्यांचे म्हणाल तर ६२ वह्यांतली प्रत्येक चूक लाल करू नका. एका आठवड्यात एकच चूक धरा, उदाहरणार्थ ‘ही’ आणि ‘शी’च्या पुढच्या क्रियापदाचा ‘एस’, आणि बाकीच्या चुका तशाच राहू द्या. प्रत्येक वहीत मुलाने स्वतः रचलेल्या एका वाक्याखाली रेघ मात्र जरूर ओढा.

परितेवाडीच्या गुरुजींशी स्वतःची तुलना करू नका. त्यांचे यश खरे आहे आणि आपल्या जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे, पण त्यांच्या वाडीतल्या वर्गाची दुखणी वेगळी होती आणि तुमच्या ६२ मुलांच्या वर्गाची वेगळी आहेत. तुमच्या कामाचे मोजमाप तुमच्या वर्गातच करावे लागेल.

आता नोकरी. तुम्ही शाळा सोडू नये, गरिबांच्या मुलांसाठी त्याग करावा, असे मी लिहिणार नाही. अंशतः अनुदानावर घर चालवणे किती कठीण आहे हे मला ठाऊक आहे, आणि वृद्ध आईवडील व लहान मूल असलेल्या माणसाला पगाराचा विचार करण्याचा पूर्ण अधिकार आहे. कागदावर दोन्ही पगार मांडा, पुढच्या टप्प्याच्या अनुदानाची शक्यता, भविष्य निर्वाह निधी, सेवेची शाश्वती हे सारे मांडा, घरच्यांशी बोला आणि ठरवा. फक्त ‘मी इथे शिकवू शकलो नाही’ या कारणासाठी जाऊ नका. विजापूर रस्त्यावरील त्या शाळेतही तुम्हाला अशी मुले भेटतील ज्यांच्या घरी कोणी इंग्रजी बोलत नाही. त्यांचे पालक फी भरण्यासाठी जादा पाळी करत असतील, आणि ती मुले चुकू नये म्हणून गप्प बसत असतील. तिथे गणित आणि विज्ञानही इंग्रजीत असल्यामुळे ती दिवसभर गप्प बसतील, एवढाच फरक. सावित्रीबाईंनी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कवितांतून शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला तो ज्या घरांसाठी, ती घरे दोन्ही शाळांत आहेत. निर्णय जून महिन्यापर्यंत लांबवता येत असेल तर लांबवा. दुसरे सत्र हातात आहे, आणि त्या मुलीचे वर्ष मध्येच दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका.

शेवटी तिच्याविषयी आणखी एक. जोडीने वाचन सुरू झाल्यावर तुम्ही बाकांमधून फिराल, तेव्हा तिच्या बाकापाशी थांबू नका. शिक्षक जवळ उभे राहिले की तिचा आवाज बंद होईल. दोन बाके पुढे जाऊन पाठ करून उभे राहा आणि ऐका. ती वाचत असेल तर मागे वळून पाहू नका.

संक्रांतीच्या सुमारास भरणारी गड्ड्याची जत्रा उरकली, मुले पुन्हा नेमाने वर्गात बसू लागली, की मला पत्र पाठवा. ती उभी राहून वाचली का, हे त्यात नसले तरी चालेल. जोडीसाठी तिने शेजारी कोणाला बसवून घेतले आणि दोघींनी कोणकोणत्या शब्दांखाली टिंबे दिली, तेवढे कळवा.